किल्ली हातात घेण्याआधी : जुन्या गाडीचा ताबा आणि विमा

आपल्या मावळात बचत गटाकडे येणारे कर्जाचे अर्ज हल्ली बदलू लागले आहेत. शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी हे आहेच. पण त्यांच्या जोडीला आता जुन्या चारचाकीसाठीही अर्ज येतो. कुणाला पवन मावळातून इंद्रायणी तांदूळ तळेगावच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायचा असतो. कुणाला लोणावळ्यात जेवणाचे डबे द्यायचे असतात. कुणाच्या घरी आजारी माणूस असतं आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला एसटी नसते. नवी गाडी परवडत नाही, म्हणून सेकंड हँड बघायची.

गाडी घेताना आपण पुष्कळ काळजी घेतो. ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतो, टायर बघतो, किमतीसाठी तासभर घासाघीस करतो. पण दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. गाडी नेमकी कोणत्या दिवशी घरी आणायची? आणि त्या दिवशी, त्या वेळी, गाडीचा विमा कोणाच्या नावावर असेल? आजच्या भागात फक्त या दोन प्रश्नांबद्दल बोलू. वर्षभराची बचत एका दुपारी बुडू शकते किंवा वाचू शकते, ती या दोन प्रश्नांवर.

तीन गोष्टी, तीन वेग

जुनी गाडी आपली होते म्हणजे तीन गोष्टी होतात. पहिली, ताबा. म्हणजे किल्ली हातात आली, गाडी दारात उभी राहिली. दुसरी, विमा. म्हणजे पॉलिसीवर आपलं नाव लागलं. तिसरी, आरसी. म्हणजे आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून आपलं नाव चढलं.

या तिन्ही गोष्टी एका दिवशी होत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो. किल्ली एका मिनिटात हातात येते. विम्याला काही दिवस लागतात. आरसीला काही आठवडे. मधल्या काळात गाडी आपण चालवतो, कागद मात्र दुसऱ्याच्या नावाचे असतात. हा मधला काळ जितका लहान करता येईल तितका करायचा, आणि तो पूर्णपणे उघडा राहणार नाही एवढं बघायचं.

यातला सगळ्यात धोक्याचा प्रवास कोणता? पहिलाच. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्या मुंबई, ठाणे, पनवेल किंवा पुण्याकडून येतात. गाडी अनोळखी, तिचा ब्रेक किती दाबला की लागतो ते माहीत नाही, क्लचचा अंदाज नाही. आणि पहिल्याच दिवशी खंडाळ्याचा घाट चढायचा, शेजारून कंटेनर जाताहेत, पावसाळा असेल तर धुकं. नेमका हाच प्रवास लोक कागद न बघता करतात. “घरी नेऊ, मग सोमवारी बघू,” असं म्हणतात. सोमवार यायच्या आधी शनिवार-रविवार येतो, हे लक्षात ठेवा.

विम्यात नेमकं काय काय असतं

आपण सरसकट “इन्शुरन्स आहे” म्हणतो. पण त्यात तीन वेगळे भाग आहेत आणि गाडी विकली गेली की तिन्ही भाग वेगवेगळे वागतात. म्हणून ते आधी नीट समजून घेऊ.

पहिला भाग थर्ड पार्टी. आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणी दगावलं किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. पण खरी भीती दंडाची नाही. अपघातात माणूस गेला तर कोर्ट त्याचं वय आणि कमाई पाहून भरपाई ठरवतं आणि ती लाखांत जाते. विमा नसेल तर ती रक्कम मालकाला भरावी लागते, शेत विकून का होईना.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीचं नुकसान. ठोकर, चोरी, आग, पूर. हा भाग असलेल्या पॉलिसीला आपल्याकडे “फुल” किंवा “फर्स्ट पार्टी” म्हणतात. तो सक्तीचा नाही. ज्याला हवा तो घेतो.

तिसरा भाग मालक-चालकाचा अपघात विमा. गाडीचा मालक स्वतः गाडी चालवत असताना दगावला किंवा कायमचा अपंग झाला तर १५ लाख रुपयांपर्यंत. त्यासाठी आरसी त्याच्या नावावर हवी, पॉलिसी त्याच्या नावावर हवी आणि त्याच्याकडे वैध लायसन्स हवं.

आता गाडी विकली गेली की काय होतं? थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाकडे आपोआप आलेला मानला जातो. कलम १५७ तसं सांगतं. त्याच कलमात पुढे आहे की नव्या मालकानं १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसीवर आपलं नाव लावून घ्यावं. पण दुसरा भाग, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, आपोआप येत नाही. तो कंपनीनं आपल्या नावावर करून दिला तरच येतो. तिसरा भाग तर माणसाचाच आहे, तो गाडीबरोबर येण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून “१४ दिवसांची मुदत आहे ना” या बोलण्यावर विसंबू नका. ती मुदत अर्ज करण्याची आहे. त्या १४ दिवसांत तुमची गाडी ठोकली तर कंपनी पैसे देईल, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, कामशेतजवळच्या एका ताईंनी शनिवारी ठाण्याहून पावणेदोन लाखांची गाडी आणली. आधीच्या मालकाची फुल पॉलिसी अजून पाच महिने चालू आहे. रविवारी गाडी गावाच्या वळणावर दगडी कठड्यावर गेली. दुरुस्ती ६०,००० रुपये. गाडीनं जर एखाद्या दुचाकीवाल्याला धडक दिली असती, तर त्याची भरपाई त्या पॉलिसीतून मिळाली असती. पण ताईंच्या स्वतःच्या गाडीचे ६०,००० मिळत नाहीत, कारण पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याची आता गाडी नाही, आणि जिची गाडी आहे तिच्या नावावर पॉलिसी नाही. विमा चालू होता, प्रीमियम भरलेला होता, आणि तरी हातात काही आलं नाही.

कोर्टात गेलेली तीन प्रकरणं

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली तीन प्रकरणं सांगते. तिन्हींत भांडण एकाच गोष्टीचं होतं : कोणता कागद, कोणाच्या नावावर, कोणत्या वेळी.

पहिलं प्रकरण वेळेचं. अपघात झाला १० डिसेंबर १९९१ ला दुपारी २ वाजून २० मिनिटांनी. विमा काढला त्याच दिवशी २ वाजून ५५ मिनिटांनी. फरक फक्त ३५ मिनिटांचा. तारीख एकच आहे, तेव्हा विमा लागू होतो असं म्हणणं मांडलं गेलं. सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं नाही. विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही, असा निकाल दिला. पॉलिसीवर वेळ छापलेली असेल तर विमा त्या वेळेपासूनच सुरू होतो. म्हणून पॉलिसी हातात आली की आधी त्यावरची तारीख आणि वेळ वाचायची, बाकीचं नंतर.

दुसरं प्रकरण पॉलिसीवरच्या नावाचं, १९९५ सालच्या निकालातलं. गाडी विकली गेली होती, आरसीवर नव्या मालकाचं नाव चढलं होतं, पण पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर होती. अपघातात गाडीचं नुकसान झालं. कोर्टानं सांगितलं, थर्ड पार्टीचा विमा गाडीबरोबर जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जात नाही. त्यासाठी कंपनीशी नवा करार व्हावा लागतो. म्हणजे आरसी नावावर झाली तरी काम अर्धंच झालं.

तिसरं प्रकरण आरसीवरच्या नावाचं, ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालातलं. एका माणसानं २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे आणखी हातांतून गेली. आरसी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. २००९ मध्ये त्या गाडीनं अपघात झाला. कोर्टानं सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, भरपाई त्यानं द्यावी. ज्या गाडीत तो दोन वर्षं बसलाही नव्हता, तिची भरपाई त्याच्यावर आली. तुमच्यापैकी कुणी गाडी विकणार असेल तर हे प्रकरण घरच्यांना जरूर सांगा.

गाडी पाहायला जाता तेव्हा

बयाणा देण्याआधी गाडीचा नंबर घ्या आणि मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये टाका. आरसीची मुदत, विम्याची तारीख, पीयूसी, गाडीवर फायनान्सचा बोजा आहे का, हे तिथे कळतं. ई-चलनं थकली आहेत का तेही नंबरावरून पाहता येतं. द्रुतगती मार्गावर कॅमेरे आहेत, त्यामुळे रोज मुंबई-पुणे करणाऱ्याच्या गाडीवर बरीच चलनं निघू शकतात. ती ताब्याआधी आधीच्या मालकानंच भरायची.

विम्याच्या तारखेवर भाळू नका. ॲपवर “विमा चालू” दिसला तरी तो फुल आहे की फक्त थर्ड पार्टी हे पॉलिसी वाचल्याशिवाय कळत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे तीन वर्षांच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी चालू असतो, पण नुकसानीचा भाग पहिल्याच वर्षी संपून गेलेला असू शकतो. म्हणून पॉलिसीची पूर्ण प्रत मागा. इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी जुळवा. कंपनीच्या ग्राहक सेवेच्या नंबरावर फोन करून ही पॉलिसी खरी आणि चालू आहे ना, हे विचारा. खोट्या पॉलिसीचा कागद खऱ्यासारखाच दिसतो.

आणखी तीन गोष्टी. बोजा असेल तर बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ आधी हवा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली हवी, नाहीतर आरटीओतलं काम अडतं. आणि गाडी १५ वर्षांच्या आसपासची असेल तर आरसीची मुदत कधी संपते ते बघा. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नोंदणी वाढवून घ्यावी लागते.

गाडीबाजारातून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत व्यापाऱ्याचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी हा नियम आहे. अधिकृत व्यापाऱ्यानं गाडी ताब्यात घेतल्याचं आरटीओला कळवलं की गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. नुसता मध्यस्थ असेल तर जबाबदारी कुणाचीच नसते आणि मूळ मालक फोन उचलत नाही.

ताब्याचा दिवस कसा ठरवायचा

आपल्याकडे गाडी मुहूर्तावर आणतात. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा. आणाच. एकवीरेला नेऊन नारळही फोडा. पण सणाच्या दिवशी आरटीओ बंद, विमा कंपनीचं ऑफिस बंद, बँक बंद असू शकते. म्हणून मुहूर्त दसऱ्याचा असेल तर कागद नवमीच्याही दोन दिवस आधी पूर्ण करा. त्या दिवशी फक्त हार घालायचा आणि किल्ली घ्यायची.

क्रम असा ठेवा.

आठ दिवस आधी : चालू पॉलिसी ज्या कंपनीची आहे तिला फोन करा. “गाडी मी विकत घेते आहे, पॉलिसी माझ्या नावावर करायला कोणते कागद लागतील, किती पैसे भरावे लागतील, किती दिवस लागतील?” हे तीन प्रश्न विचारा. काही ठिकाणी फॉर्म २९ आणि ३० च्या सह्या झालेल्या प्रती चालतात, काही ठिकाणी आरसी नावावर झाल्याचा पुरावा मागतात. हे आधीच कळलं की दिवस ठरवता येतो.

दोन दिवस आधी : फॉर्म २९ म्हणजे गाडी विकल्याची सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. दोन्हींवर सह्या घ्या. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन तो पिशवीत ठेवायची पद्धत वाईट आहे. तारीख, नाव, पत्ता भरलेला असूद्या. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं नाहरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतंच. आपल्याच राज्यातली पण दुसऱ्या आरटीओची असेल तर काय लागेल ते पिंपरी-चिंचवड आरटीओत आधी विचारून घ्या. मावळचं काम तिथेच चालतं, आपल्या गाड्यांचा नंबर एमएच १४ असतो तो म्हणूनच.

ताब्याच्या दिवशी सकाळी : पॉलिसी नावावर करण्याचा अर्ज कंपनीकडे दाखल करा, पैसे भरा, पोच घ्या. मग उरलेले पैसे बँकेतून द्या, रोख नको. मग ताबा पावती करा. तिच्यावर तारीख तर लिहाच, वेळही लिहा आणि किलोमीटरचा आकडाही. “दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी, अमुक किलोमीटर असताना गाडी दिली आणि घेतली,” खाली दोघांच्या सह्या आणि साक्षीदार. यानं दोघांचंही भलं होतं. त्याआधीचं चलन त्याचं, नंतरचं तुमचं. शेवटी किल्ली.

पुढे : विम्याचा अर्ज काही कारणानं राहिलाच असेल तर १४ दिवसांच्या आत. विकणाऱ्यानं आरटीओला कळवायचं तेही, गाडी याच राज्यातली असेल तर, १४ दिवसांत. घेणाऱ्यानं ३० दिवसांत. हे कलम ५० मध्ये आहे. आणि नुसता अर्ज टाकून थांबू नका. पॉलिसीवर तुमचं नाव लागल्याचा कंपनीचा कागद येईपर्यंत आठवड्यातून एकदा फोन करा. तो कागद येईपर्यंत गाडी गरजेपुरतीच बाहेर काढा आणि लांबच्या फेऱ्या टाळा.

पॉलिसी संपलेली असेल तर

जुनी गाडी बरेच दिवस उभी असते. विकायचीच आहे म्हणून मालक विमा भरत नाही. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. “इथून गावापर्यंतच तर न्यायची आहे,” असं म्हणणाऱ्याला सांगा, अपघात अंतर विचारत नाही.

अशा वेळी सोपा मार्ग असा. सौदा ठरल्यावर, गाडी आधीच्या मालकाच्या दारात उभी असतानाच, त्याच्या नावानं आणि त्याच्या संमतीनं विमा भरून घ्या. पैसे तुम्ही द्या आणि ते किमतीत धरा. मग ती पॉलिसी तुमच्या नावावर करण्याचा अर्ज द्या. फुल विम्यासाठी कंपनी गाडीची तपासणी करते किंवा मोबाईलवर फोटो-व्हिडिओ मागते. त्यात दिवस जातो. पैसे भरले त्याच मिनिटाला पॉलिसी सुरू होते असंही नाही. पॉलिसीवर जी वेळ असेल ती वाट बघायची आणि मगच गाडी हलवायची.

एजंटच्या हातात पैसे दिले म्हणजे विमा झाला असं समजू नका. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेत नाही. पॉलिसी मोबाईलवर आली, नंबर जुळला, वेळ वाचली, की विमा झाला.

आणि खर्च किती? १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा वर्षाचा थर्ड पार्टी प्रीमियम २,०९४ रुपये आहे, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये. वर जीएसटी. लहान गाडीचा हिशेब केला तर जीएसटी सोडून दिवसाला सहा रुपयांहून कमी पडतात. एक कटिंग चहासुद्धा त्यात येत नाही.

नो क्लेम बोनस कोणाचा?

विकणारा सांगतो, “ताई, पॉलिसीवर ५० टक्के बोनस आहे, तुमचा फायदा.” तो फायदा तुमचा नाही. क्लेम न घेतल्याबद्दलची सवलत गाडीला नसते, माणसाला असते. ती २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि ती फक्त नुकसानीच्या भागावर असते. गाडी विकणारा ती सवलत आपल्या पुढच्या गाडीला घेऊन जाऊ शकतो. तुम्ही पॉलिसी नावावर करायला गेलात की उरलेल्या मुदतीसाठी तेवढा फरक कंपनी तुमच्याकडून घेते.

समजा, नुकसानीच्या भागाचा पूर्ण प्रीमियम ६,००० रुपये आहे. आधीच्या मालकानं ५० टक्के सवलतीनं ३,००० भरले. निम्मं वर्ष उरलं असताना तुम्ही गाडी घेतली, तर साधारण १,५०० रुपये तुम्हाला भरावे लागतील. हा हिशेब सौदा करतानाच मांडा. हे पैसे वाचवायला पॉलिसी जुन्या नावावरच चालू ठेवणारे लोक असतात. मग क्लेमच्या वेळी पंधराशेंच्या जागी साठ हजार जातात.

गटाचं कर्ज असेल तर

गाडी एका ताईंची असली तरी पैसा गटाचा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पुरात बुडाली तरी हप्ता थांबत नाही. ताई हप्ता भरू शकल्या नाहीत तर ज्या मैत्रिणीला पुढचं कर्ज मिळायचं होतं तिचं थांबतं. म्हणून कर्ज मंजूर करतानाच ठरावात तीन ओळी लिहा. एक, थर्ड पार्टी आणि नुकसान, दोन्ही भाग असलेला विमा असेल तरच पैसे सुटतील. दोन, पैसे टप्प्यानं द्यायचे. दोन लाखांची गाडी असेल तर समजा वीस हजार मागे ठेवायचे, ते आरसीवर नाव चढल्यावर. विकणाऱ्यालाही तसं आधीच सांगायचं, म्हणजे सह्यांसाठी तो टाळाटाळ करणार नाही. तीन, पॉलिसी आणि आरसीची झेरॉक्स गटाच्या फाईलला, आणि विमा संपण्याची तारीख गटाच्या वहीत. बैठकीत बचतीची नोंद होते तेव्हा त्या तारखेवरही नजर जाते.

तुम्ही विचारता ते काही प्रश्न

“गाडी माझ्या नावावर, चालवतो मुलगा. १५ लाखांचा विमा त्याला मिळेल का?” नाही. तो मालक-चालकाचा आहे, म्हणजे तुम्ही स्वतः लायसन्स घेऊन चालवत असाल तर तुमचा. मुलासाठी किंवा गाडीत बसणाऱ्यांसाठी वेगळं संरक्षण थोड्या प्रीमियममध्ये मागून घ्यावं लागतं. ते न मागता मिळत नाही. आणि मुलाचं लायसन्स चालू आहे ना, हे बघा. नसेल तर कंपनी जखमीला भरपाई देईल आणि मग ती रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकेल.

“पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीतून तांदूळ विकायला नेला किंवा पर्यटक सोडले तर चालेल का?” खासगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्यानं माणसं नेणं आणि व्यापारी माल वाहणं बसत नाही. स्वतःचं सामान चालतं, धंद्याचा माल नाही. अशा फेरीत अपघात झाला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. तुमचा उद्देश धंद्याचाच असेल तर पहिल्यापासून व्यावसायिक नोंदणीची गाडी बघा. तिचा परमिट, फिटनेस आणि विमा वेगळा असतो, खर्चही जास्त असतो. तो हिशेब कर्जाच्या अर्जातच धरा.

“फास्टॅग आधीच्या मालकाचाच वापरला तर?” वापरू नका. त्याला तो बंद करायला सांगा आणि आपल्या नावाचा नवा घ्या. नाहीतर उर्से किंवा सोमाटणे नाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून कापले जातील, किंवा त्यानं ऐन वेळी टॅग बंद केला तर तुम्ही नाक्यावर अडाल.

मैत्रिणींनो, आज आकडे आणि फॉर्मचे नंबर बरेच झाले. सगळे पाठ करायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा : आधी पॉलिसीवरची वेळ, मग पैसे, मग ताबा पावती, मग किल्ली. आणि किल्ली घेतल्यावर आरसी येईपर्यंत पाठपुरावा. आपल्या गटात कुणी गाडी घेणार असेल तर हा लेख पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना समजावून सांगा. गाडी ज्या ताईंच्या नावावर होणार आहे, त्यांनी कागद स्वतः हाताळावेत. “ते सगळं हे बघतात,” असं म्हणून बाजूला बसू नये. सही आपली असते, जबाबदारीही आपलीच येते.